वहीचा वारस

केशवसुत दिसायला कसे होते, ते आज कोणालाही ठाऊक नाही. त्यांचा खात्रीचा म्हणावा असा एकही फोटो उपलब्ध नाही. कुठे चित्र छापलेले दिसलेच, तर ते चित्रकाराच्या कल्पनेतले असते. हा माणूस काही शिवकाळातला नव्हे. तो १९०५ साली गेला, तेव्हा मुंबई-पुण्यात फोटो काढण्याची दुकाने चांगली स्थिरावलेली होती, पैसेवाल्यांच्या दिवाणखान्यांत कुटुंबाच्या तसबिरी टांगलेल्या होत्या. तरीही आधुनिक मराठी कवितेचा जनक असे आपण ज्याला म्हणतो, त्याचा चेहरा आपल्याकडे नाही. जन्मसाल १८६६ हे ठरलेले, पण तारखेबद्दल अभ्यासकांत दोन मते. हाती राहिली ती कविता, आणि तीही सुमारे १३५ एवढीच.

पण ती राहिली कशी? कवितेच्या अर्थावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते. कवितेच्या कागदावर फारसे कोणी लिहीत नाही. माझे सारे आयुष्य बँकेच्या कागदांत गेल्यामुळे असेल, मला आधी कागद दिसतो. हा कागद कोणी जपला, कोणाच्या हवाली केला आणि वाटेत त्याचे काय काय झाले, हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही.

मुंबई-गोवा महामार्ग आमच्या पनवेलपासून सुरू होतो. त्याच वाटेने खाली रत्नागिरी जिल्ह्यात उतरले, की गणपतीपुळ्याच्या शेजारी मालगुंड लागते. कृष्णाजी केशव दामले यांचे हे जन्मगाव. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक. घर मोठे, मिळकत बेताची. पुढे आयुष्यभर त्यांच्या वाट्याला आली ती फिरस्ती. खेड, बडोदे, वर्धा, नागपूर, पुणे असे शिक्षण झाले. मॅट्रिकची परीक्षा पास होईतो १८८९ उजाडले, म्हणजे वय तेवीस. मग मुंबईत किरकोळ पगाराच्या नोकऱ्या. मुंबईत प्लेग आला तेव्हा खानदेशात भडगावला मास्तरकी, पुढे फैजपूरला मुख्याध्यापकाचे काम, आणि १९०४ साली धारवाडच्या हायस्कुलात मराठीचे शिक्षक. बिऱ्हाडे बदलताना माणूस काय टाकतो आणि काय बरोबर घेतो, हे बदलीची नोकरी केलेल्या कोणालाही विचारा. आधी टाकायचे ते कागद.

दामले मास्तरांनी ते टाकले नाहीत. उलट, त्यांच्या कवितांचा संग्रह उघडला की एक गोष्ट लक्षात येते. पुष्कळ कवितांच्या खाली गाव आणि तारीख दिलेली आहे. ‘तुतारी’खाली मुंबई आणि १८९३ चा मार्च. ‘आम्ही कोण?’ या कवितेखाली फैजपूर, १९०१. बँकेत आम्हांला पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच, की तारखेशिवाय व्हाउचर म्हणजे नुसता कागदाचा कपटा. ज्याचे एकही पुस्तक निघालेले नाही, मासिकांतून कधी या नावाने तर कधी त्या नावाने जो छापला जातो आहे, असा एक मास्तर रात्री कंदिलाच्या उजेडात कवितेखाली नीट तारीख घालतो, याचा अर्थ काय? आपण लिहितो ते पुढे कोणीतरी तपासणार आहे, एवढी त्याची खात्री असली पाहिजे. स्वतःचा फोटो मागे ठेवावा असे त्याला वाटले नाही. पण कविता कधी, कुठे झाली हे मागे राहावे असे वाटले.

१९०५ च्या नोव्हेंबरात ते धारवाडहून हुबळीला नातलगांकडे गेले आणि तिथेच ७ तारखेला प्लेगने गेले. वय अवघे एकोणचाळीस. पाठोपाठ काही दिवसांतच पत्नीही गेली. मागे मुली पोरक्या राहिल्या. प्लेग झालेल्या घरातले कपडे, अंथरूण-पांघरूण जाळून टाकायचे, असा तो काळ. अशा घरातून कवितांचे कागद सहीसलामत बाहेर पडणे हे नशीबच म्हणायचे. काही कविता मासिकांतून छापून गेल्या होत्या, त्या एका अर्थी सुरक्षित होत्या. बाकीच्यांचे काय झाले असते, सांगता येत नाही. हरिभाऊ आपटे, म्हणजे आपले कादंबरीकार आणि ‘करमणूक’चे संपादक, यांनी मित्राच्या कविता गोळा करून ‘केशवसुतांची कविता’ हे पुस्तक १९१७ साली काढले. कवीला जाऊन तेव्हा बारा वर्षे होत आली होती. हरिभाऊ स्वतः १९१९ मध्ये गेले. त्यांनी हे काम आणखी दोन-तीन वर्षे पुढे ढकलले असते तर? पुढे केशवसुतांच्या कवितांचे हस्तलिखितही महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने पुस्तकरूपाने छापले. त्यामुळे चेहरा नसला तरी अक्षर आहे. पत्रे मात्र फारच थोडी उरली. कवीने मित्रांना, भावांना किती लिहिले असेल! पण पत्र जपायचे ते ज्याला आले त्याने, आणि ती घरे तर दूर दूर पसरलेली.

केशवसुत विशीत होते, त्याच सुमारास, १८८६ च्या मे महिन्यात, सातासमुद्रांपलीकडे अमेरिकेत अॅमहर्स्ट नावाच्या लहानशा गावी एक अविवाहित बाई वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी वारली. तिचे नाव एमिली डिकिन्सन. वडील गावातले वजनदार वकील, कॉलेजचे खजिनदार. घर मोठे, बाग मोठी. शेवटची कितीतरी वर्षे ही बाई घराबाहेर जवळजवळ पडलीच नाही. ती बागेत राबे, पाव आणि केक भाजी, आजारी भावंडा-शेजाऱ्यांना फुलांबरोबर चिठ्ठ्या धाडी. ती कविता करते हे आप्तांना ठाऊक होते, पण किती करते हे कोणालाच ठाऊक नव्हते. हयातीत छापून आल्या त्या जेमतेम दहा, त्याही नाव न घालता.

ती गेल्यावर धाकटी बहीण लॅव्हिनिया हिने तिची खोली आवरायला घेतली. बहिणीला आलेली पत्रे तिने जाळून टाकली. मरणाऱ्याची पत्रे जाळायची, अशी त्यांच्याकडची रीतच होती. मग तिला एका खणात हाताने शिवलेल्या छोट्या छोट्या वह्या सापडल्या. कागद दुमडून, सुईदोऱ्याने टाके घालून केलेल्या अशा चाळीस वह्या, आणि त्यांखेरीज सुटे कागद कितीतरी. लिफाफ्यांच्या पाठीवर कविता, चिठोऱ्यांवर कविता, नारळाच्या केकची कृती लिहिलेल्या कागदाच्या मागच्या बाजूला कविता! सगळ्या मिळून सुमारे अठराशे. लॅव्हिनिया काही साहित्याची जाणकार नव्हती. पण पत्रे जाळणारा तिचा हात त्या वह्यांपाशी थांबला, आणि हे छापून आले पाहिजे असे तिने घेतले. जगातल्या एका मोठ्या कवयित्रीचे सारे भवितव्य त्या दुपारी त्या एका हातावर अवलंबून होते.

केशवसुतांच्या उलट, या बाईने कवितांखाली तारखा घातल्याच नाहीत. मग कोणती कविता कधीची, हे ठरवायचे कसे? अभ्यासकांनी ते तिच्या अक्षरावरून ठरवले. हे वाचले तेव्हा मला मोठी गंमत वाटली. आमच्या वेळी बँकेत नमुना सहीची कार्डे असत. वीस वर्षांपूर्वी खाते उघडलेल्या माणसाची सही आज तशीच येत नाही. अक्षर सैल होते, वळणे गळतात, जोडाक्षरे सुटतात. काउंटरवरचा अनुभवी कारकून नुसत्या नजरेने सांगे, की सही त्याचीच आहे, पण आता हात म्हातारा झाला आहे. अगदी तीच विद्या. डिकिन्सनच्या तारखा असलेल्या पत्रांतले अक्षर वर्षावर्षाने कसे बदलत गेले ते पाहायचे, आणि कवितेतले अक्षर त्याच्याशी ताडून पाहायचे. पहिल्या संपादनाच्या वेळी वह्यांची शिवण उसवली गेली होती. त्या पुन्हा लावताना कागदावरची सुईची भोके, डाग, कागदाचा प्रकार असा एकेक पुरावा जोडत राल्फ फ्रँकलिन या संपादकाने त्या मूळच्या क्रमाने उभ्या केल्या आणि १९८१ मध्ये त्यांच्या छायाप्रती प्रसिद्ध केल्या.

ही शिवण उसवली कोणी, ही कथाही ऐकण्याजोगी आहे, कारण ती आपल्याला परकी वाटणार नाही. कविता छापण्यासाठी लॅव्हिनियाने आधी शेजारच्याच घरात राहणाऱ्या भावजयीला, सूझनला, कागद दिले. सूझन ही एमिलीची जिवाभावाची मैत्रीण. पण काम पुढे सरकेना, म्हणून ते मेबल टॉड या बाईंकडे गेले. या बाईंची आणि सूझनच्या नवऱ्याची, म्हणजे एमिलीच्या भावाची, जवळीक साऱ्या गावाला माहीत! पुढे काय झाले असेल याची कल्पना आपल्याकडच्या वाचकाला सहज यावी. टॉडबाईंनी काम मात्र जीव तोडून केले. वाचायला अवघड अक्षरातल्या शेकडो कविता त्यांनी उतरवून काढल्या आणि टॉमस हिगिन्सन या लेखकाच्या साहाय्याने पहिला संग्रह १८९० मध्ये आणला. तो हातोहात खपला. पण छापताना त्यांनी यमके नीट केली, शब्द बदलले, कवयित्रीच्या जागोजागच्या आडव्या रेघा काढून तिथे रीतसर स्वल्पविराम घातले. पत्रांमधून सूझनचे नाव कुठे खरवडलेले, कुठे कात्रीने कापलेले आढळते. जपणारे हातच कधी कधी खाडाखोड करणारे हातही असतात.

मग भाऊ वारला, आणि जमिनीच्या एका पट्ट्यावरून लॅव्हिनिया आणि टॉड कुटुंब कोर्टात गेले. कोकणात बांधावरून चालते तसलेच भांडण. १८९८ मध्ये निकाल लॅव्हिनियाच्या बाजूने लागला. संतापलेल्या टॉडबाईंनी आपल्याजवळचे कागद पेटीत घालून कुलूप ठोकले, ते तीस वर्षे. एक हिस्सा या घरात, एक त्या घरात. पुढे दोन्ही घरांतल्या लेकींनी आपापल्या हिश्श्यातून पुस्तके काढली. शेवटी एक वाटा १९५० मध्ये हार्वर्ड विद्यापीठाकडे गेला, दुसरा १९५६ मध्ये अॅमहर्स्ट कॉलेजकडे. सगळ्या कविता तिने लिहिल्या तशा, रेघांसकट, एकत्र वाचायला मिळाल्या त्या १९५५ साली, टॉमस जॉन्सन यांच्या आवृत्तीत. म्हणजे तिला जाऊन जवळजवळ सत्तर वर्षे झाल्यावर. पत्रांचे काम तर अजून चालूच आहे. २०२४ मध्ये निघालेल्या नव्या आवृत्तीत तिची तेराशेच्या वर पत्रे आहेत. ती मिळाली याचे कारण, ती लॅव्हिनियाच्या घरात नव्हती. ज्यांना लिहिली त्यांच्या घरी होती.

आता पुन्हा आपल्याकडे येऊ. केशवसुत फैजपूरला मुलांना शिकवत होते, तेव्हा तापीच्या अलीकडे जळगावात एक तरुण शेतकरीण जात्यावर दळता दळता ओव्या रचत होती. बहिणाबाई चौधरी. गंमत पाहा, त्याच जळगावातून नारायण नरसिंह फडणीस ‘काव्यरत्नावली’ हे केवळ कवितेला वाहिलेले मासिक चालवत होते, आणि केशवसुतांच्या कविता त्यात येत. एकाच गावात एकीकडे कवितेचे खिळे जुळवले जात आहेत आणि दुसरीकडे अक्षरओळख नसलेल्या बाईच्या तोंडून कविता हवेत विरते आहे. हे दोन प्रवाह एकमेकांना भेटले नाहीत.

बहिणाबाईंची कविता वाचली ती घरातल्या मुलांमुळे. त्यांचे चिरंजीव सोपानदेव, जे स्वतः कवी होते, आणि त्यांचे मावसभाऊ पीतांबर चौधरी यांनी जमेल तसे, कानावर पडेल ते लिहून ठेवले. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही भीतभीत आचार्य अत्र्यांना दाखवली. आईच्या ओव्यांना कोण काय म्हणेल, हा संकोच होता. १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह संग्रह निघाला आणि पुढचे सर्वांना माहीत आहे. त्या संग्रहात पस्तीस कविता होत्या. बहिणाबाई एक्काहत्तर वर्षे जगल्या. त्यांनी रचलेल्या ओव्या पस्तीसच्या किती पट असतील, याचा हिशेब कोणत्याही खातेवहीत निघणार नाही. जे लिहून घेतले गेले ते राहिले.

कागद नेहमी प्रेमानेच जपला जातो असेही नाही. पनवेलजवळचे शिरढोण हे आद्यक्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे गाव. त्यांनी लिहिलेली रोजनिशी आणि आत्मकथन १८७९ मध्ये इंग्रज सरकारच्या हाती लागले आणि खटल्यात त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरले गेले. त्याची भाषांतरे सरकारी दप्तरात राहिली, म्हणून आज फडक्यांच्या मनात काय चालले होते ते आपल्याला कळते. १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात त्यांना मरण आले. घरच्यांनी भीतीपोटी जे बहुधा जाळले असते, ते शत्रूने फाइलीत लावून ठेवले. इतिहासाचा असाही एक विनोद.

हे सारे आज लिहावेसे वाटले, त्याला कारण आहे. पनवेल आता महानगरपालिकेचे शहर झाले आहे. जुने वाडे एकामागून एक पाडले जात आहेत आणि त्या जागी इमारती उभ्या राहत आहेत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. गळक्या कौलांखाली दिवस काढणाऱ्यांना सोयीचे घर हवेच. पण वाडा पाडायच्या आधी माळा रिकामा होतो. तांब्या-पितळेची भांडी कोणाला द्यायची यावर घरात दोन दोन दिवस चर्चा होते. कागदांवर होत नाही. ते किलोवर जातात. त्यांत जमाखर्चाच्या वह्या असतात, आजोबांची मोडीतली पत्रे असतात, आजीने शाळेच्या पाटीवरून उतरवलेली गाणी असतात, आणि कोण जाणे, एखादी शिवलेली वहीही असेल.

नोकरीत असताना एका तालुक्याच्या गावी मी एक लॉकर उघडताना हजर होतो. खातेदार बाई वारल्या होत्या, नॉमिनी म्हणून मुलगी आली होती. दोन साक्षीदारांसमोर यादी करायची असते. बांगड्या दोन, मंगळसूत्र एक, असे लिहीत गेलो. खाली धोतराच्या फडक्यात बांधलेला पत्रांचा गठ्ठा निघाला. वडील मुंबईला गिरणीत कामाला होते तेव्हा त्यांनी आईला लिहिलेली. यादीत मी लिहिले, ‘जुने कागद, गठ्ठा एक’. मुलगी म्हणाली, “साहेब, सोन्याचे आम्ही वाटून घेऊ. पण भाऊ म्हणतो ही जाळून टाक, आणि माझा हात होत नाही. हे मी कोणाला देऊ?” माझ्याजवळ सोन्याचे नियम होते, मुदत ठेवीचे होते, पेन्शनचे होते. या प्रश्नाला मात्र नियमावलीत कलम नव्हते. त्या गठ्ठ्याचे पुढे काय झाले, ते मला कळले नाही.

आपण खात्याला वारस लावतो, विम्याला लावतो, फ्लॅटला लावतो. वहीला लावत नाही. प्रत्येक घरात केशवसुत निघणार नाही, हे मलाही कळते. पण लॅव्हिनियाला तरी कुठे माहीत होते, की आपल्या हातात काय आहे? तिने फक्त एवढेच केले, की कळत नसताना नष्ट केले नाही. तेवढे आपल्या कोणालाही जमण्यासारखे आहे. माणसाची खासगी पत्रे जपावीत की नाही, हा प्रश्न वेगळा आणि नाजूक आहे. गेलेल्याने जाळा म्हणून सांगितले असेल, तर तो त्याचा हक्क. पण काही न सांगता गेलेल्यांच्या बाबतीत घाई कशाला? कागद वाळलेल्या जागी ठेवावेत, चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर करूच नये. मोबाइलवर प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवायला एक दुपार पुरते. मोडी येत नसेल तर वाचून देणारे सापडतात. घरात जागा नसेल तर गावच्या ग्रंथालयात किंवा जिल्ह्याच्या इतिहास संशोधन मंडळात विचारून पाहावे. आणि काही खोडू नये, सुधारू नये. आजीने ‘गेलि’ असे ऱ्हस्व लिहिले असेल तर ते ऱ्हस्वच राहू द्यावे.

राहता राहिली आपली स्वतःची पत्रे. आता कोणी पत्र लिहीत नाही. जे काही असते ते मोबाइलमध्ये, आणि मोबाइल बदलला की गेले. म्हणून एक सुचवतो. वर्षातून निदान एकदा, मुलाला, लेकीला, दूरच्या बहिणीला, कोणालाही, कागदावर चार ओळी लिहा. त्या चांगल्याच असल्या पाहिजेत असे नाही. घरी कोण आजारी होते, आंबा कसा लागला, कोणाची आठवण आली, एवढे पुरे. फक्त दामले मास्तरांसारखे तेवढे करा. खाली गावाचे नाव आणि तारीख घाला.